टोपलीत राहिलेली ओळ

मी एक जुनी वेताची टोपली आहे. मित्रांनो, टोपली म्हटलं की तुम्ही आत काय आहे ते बघता, टोपलीकडे कोण बघतं? म्हणून आधीच सांगून टाकते, आज माझ्यात काहीही नाही. निदान वरून डोकावणाऱ्याला तरी काही दिसणार नाही.

ज्या कारागिराने मला विणलं त्याची एक खोड होती. तळ विणून झाला की तो वेताची टोकं कापत नसे, आतल्या आत खोचून टाकायचा. कापलेल्या टोकाला कपडा अडकून फाटतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे माझ्या तळाला बारीक बारीक खाचा राहिल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या हातून घडलेलं सगळ्यात मोठं पाप तिथेच दडलेलं आहे.

मला एका इस्त्रीच्या दुकानात आणलं गेलं. दुकानाच्या मालकांना मी पहिल्यापासून बाबाच म्हणते, कारण त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची. मुलीचं नाव ठकू. खरं नाव वेगळं होतं, ते पुढे पुस्तकावर छापून आलं, पण घरात ती ठकूच. तिची आई ती चालायला लागण्याआधीच गेली होती. पुढे दुकान आणि मागे दोन खोल्या, एवढाच बापलेकीचा पसारा.

बाबांची कामाची रीत ठरलेली होती. सुती कपड्यावर पाणी शिंपडायचं, त्याचा घट्ट बोळा करायचा आणि माझ्यात टाकायचा. ओल सगळीकडे सारखी मुरली की एकेक बोळा काढून उलगडायचा आणि त्यावर इस्त्री फिरवायची. चाळीस वर्षं हेच. टोपलीत बोळा दिसला की तो उलगडून सरळ करायचा, हे बाबांच्या डोक्यात नव्हे, हातातच बसलेलं होतं. आणि कपडे टाकून विसरून जाणाऱ्यांसाठी वरच्या फळीवर वेगळी जागा होती. प्रत्येक गठ्ठ्याला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली. काही गठ्ठे तर सात-सात वर्षांचे.

"बाबा, देऊन टाका ना ते कुणाला तरी," ठकू म्हणायची.

"लोकांचे कपडे आहेत गं. विसरले म्हणून काय टाकून दिलेत होय? येतील तेव्हा देईन."

पुढे दुकानात प्लास्टिकचा टब आला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत, ठकूच्या टेबलाखाली झाली. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. इतकी वर्षं स्वच्छ कपडे सांभाळले आणि आता नशिबी कचरा! पण तो कचरा साधा नव्हता.

ठकू तेव्हा एका दवाखान्यात कामाला होती. पेशंटचे नंबर पुकारायचे, केसपेपर शोधायचे, रडणाऱ्या मुलांना गप्प करायचं. जाण्याआधी सकाळी दीड तास ती टेबलाशी बसून लिहायची. कोपऱ्यात पानाचा आकडा टाकायची, पान लिहायची, वाचायची, नाक मुरडायची आणि बोळा करून माझ्यात भिरकावायची. निम्मे बोळे बाहेर पडायचे. नेम तिचा कधीच चांगला नव्हता.

पहिल्याच आठवड्यात गंमत झाली. बाबा केर काढायला आले, त्यांना टोपलीत बोळे दिसले आणि हातांनी काम सुरू केलं. मला उचलून दुकानात नेलं, बोळे काढले आणि सवयीने वर पाणी शिंपडलं! पहिल्या पानावरची शाई ओघळली तेव्हा कुठे ते भानावर आले. संध्याकाळी ठकू परतली तर टेबलावर अकरा पानांची नीट घडी आणि वर एक निळं-निळं झालेलं पान.

"पाणी मारलं की गं मी त्याला," बाबा चोरासारखे दारात उभे राहून म्हणाले.

ठकू हसता हसता खाली बसली. मग तिने ती पानं परत वाचली आणि त्यांतली सहा ठेवून घेतली.

त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. ती टाकायची, बाबा मलमलच्या फडक्याखाली ठेवून, पाणी न मारता, पान सपाट करून परत द्यायचे. सुट्टीच्या दिवशी ती दुकानात स्टुलावर बसून वाचून दाखवायची आणि बाबा इस्त्री करता करता ऐकायचे. ती कादंबरी होती एका इस्त्रीवालीची. लोकांच्या कपड्यांवरून तिला त्यांच्या घरातलं सगळं कळायचं. मध्येच बाबांचा हात थांबायचा.

"हे खोटं. चहाचा डाग असा नसतो. दोन दिवसांनी त्याची कड गडद होते, मधलं फिकटतं."

"लिहिते तसं."

"आणि पुढे?"

"पुढचं अजून लिहिलं नाही, बाबा."

"मग लिही की! बसलीस काय अशी?"

मी त्यांच्या पायाशी असायची. मित्रांनो, अक्षरओळख मला तिथेच झाली.

पुस्तक आलं आणि लोकांनी ते अगदी डोक्यावर घेतलं. प्रकाशक फुलांचा गुच्छ घेऊन दुकानात आले आणि तो ठेवायला जागा न मिळाल्यामुळे टबात ठेवून गेले. दवाखान्यातले डॉक्टर ठकूला अहो-जाहो करू लागले. वर्तमानपत्रात एका नावाजलेल्या समीक्षकांचा लेख आला. तोंड भरून कौतुक होतं, फक्त शेवटचं वाक्य असं होतं: 'हे पुस्तक लेखिकेने लिहिलं की तिच्या वडिलांच्या दुकानाने, ते दुसऱ्या पुस्तकात कळेल.'

ठकूने ते वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. बाबांनी वाचलं आणि त्यांना आभाळ ठेंगणं झालं.

"ठकू, अगं दुकानाचं नाव काढलंय बघ! वडिलांच्या दुकानाने, म्हणतायत!"

त्यांनी ते कात्रण कापलं, मलमलखाली ठेवून इस्त्री केलं आणि दुकानाच्या भिंतीवर, आल्यागेल्याला दिसेल असं चिकटवलं. हे कौतुक नाही, टोमणा आहे, असं त्यांना कोण सांगणार? मग दवाखान्यात जाता-येता रोज ते वाक्य तिच्या डोळ्यांसमोर यायचं. घरात शिरायला दुसरा रस्ता नव्हता.

दुसरी कादंबरी तिथेच अडली.

आता सगळ्यांनाच घाई झाली. प्रकाशक फोनवर म्हणायचे, "वाचक वाट बघतायत. तसंच काहीतरी द्या. पण अगदी वेगळं!" आत्या आली की दार ओलांडायच्या आत विचारायची, "काय गं, एकावरच थांबतेस की काय?" दवाखान्यातले पेशंटसुद्धा तपासून घ्यायच्या आधी पुढच्या पुस्तकाची चौकशी करायचे. पहिल्या वेळी बाहेरच्या कुणी काही विचारलं नव्हतं, म्हणूनच ते लिहून झालं होतं. हे मला कळत होतं, पण मला कोण विचारतो?

ठकूने ठरवलं की या वेळी दुकान नको, कपडे नकोत, बाबा नकोत. तिने समुद्रावरच्या एका खलाशाची गोष्ट घेतली. खलाशी तीस पानं चालला आणि माझ्यात आला. मग एका न्यायाधीशाची घेतली. मग एका बाईची, जी पहिल्याच पानावर दार उघडते. ते पहिलं पान ठकूने त्रेपन्न वेळा लिहिलं. त्रेपन्न वेळा त्या बिचारीने दार उघडलं आणि ठकूने एकदाही तिला बाहेर पडू दिलं नाही.

एका सकाळी ती बाबांना म्हणाली, "आता टोपलीला हात लावू नका. भरली की सरळ बाहेर कचऱ्यात ओता."

"इस्त्री नको करू?"

"नको."

"आणि वाचून कधी दाखवशील?"

"पूर्ण झाल्यावर. आता लोक काय म्हणतात तुम्हाला माहीत नाही, बाबा. हे मला एकटीने करायचंय."

"बरं," बाबा म्हणाले.

बाबांनी उभ्या आयुष्यात मोडलेलं वचन बहुधा हे एकच. ठकू दवाखान्यात गेली की ते मला दुकानात न्यायचे, बोळे उलगडायचे, सपाट करायचे, आकड्याप्रमाणे लावायचे आणि वाचायचे. काड्यांना दोरा गुंडाळलेला चष्मा नाकावर आणि ओठ हलताहेत. खलाशी त्यांना फार आवडला. "बुडाला की काय बिचारा," असं ते दोन दिवस म्हणत होते. दार उघडणाऱ्या बाईचीही त्रेपन्नच्या त्रेपन्न पानं त्यांनी वाचली, आणि प्रत्येक पानाच्या खाली पेन्सिलीने लिहिलं, 'पुढे?'

मग एके दिवशी ठकू डोकं दुखतं म्हणून लवकर घरी आली. इस्त्रीच्या टेबलावर दोन बोळे होते आणि एक पान मलमलखाली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू बोलली.

"बाबा, मी टाकलेलं तुम्ही का वाचता?"

"हाताची सवय गं. आणि मला पुढचं हवं असतं."

"ते वाईट आहे म्हणून टाकलंय."

"मला तर चांगलं वाटलं."

"तुम्हाला सगळंच चांगलं वाटतं! तुमच्या चांगलं म्हणण्याला काही अर्थ आहे का, बाबा?"

बाबांनी इस्त्रीची पिन काढली, वायर गुंडाळली. ठकूचाही जीव चरकला असावा, कारण ती बराच वेळ दारात उभी होती. पण माफी मागायची राहून गेली. अशा गोष्टी घरात राहूनच जातात.

त्यानंतर तिने बोळे करणं सोडलं. ती पानं फाडू लागली. आधी उभी, मग आडवी, मग आणखी बारीक, कुणाला जुळवता येऊ नयेत अशी. माझ्यात कागदाचा पाऊस पडायचा आणि मला वाटायचं, चला, संपलं.

पण बाबांची चिकाटी मला अजून कळायची होती. टेबलावर जुनी चादर अंथरून ते तुकडे पसरायचे. कपड्यांना कडकपणा आणणारी खळ वाटीत कालवायचे आणि काडीने एकेक तुकडा जोडायचे. हात आता थरथरायला लागले होते. एकेका पानाला आठवडा लागायचा. ज्या माणसाने चाळीस वर्षं लोकांच्या सुरकुत्या काढल्या, तो आता चिंध्या जोडत बसला होता.

आणि त्या चिंध्यांत काय होतं माहीत आहे? ठकूने खलाशी, न्यायाधीश सगळे सोडून दिले होते. तिच्या नकळत तिची लेखणी परत घरी आली होती. ती लिहीत होती एका म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याची आणि त्याच्या लिहिणाऱ्या मुलीची गोष्ट. म्हातारा विचारतो, 'वाचून दाखवतेस का?' आणि मुलगी उत्तर देते. ते एकच पान ती पुन्हा पुन्हा लिहायची, कारण उत्तर तिला जमत नव्हतं. एका पानावर मुलगी म्हणते, 'आत्ता वेळ नाही.' दुसऱ्यावर, 'झालं की बघू.' तिसऱ्यावर ती नुसतीच मान हलवते.

बाबांनी ती सगळी पानं जोडली. आपल्याबद्दल लिहिलंय हे त्यांना पहिल्याच पानाला कळलं असणार. त्या दिवशी त्यांनी चष्मा चार वेळा पुसला. मग प्रत्येक उत्तराखाली त्यांनी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला. 'आत्ता वेळ नाही' याच्या खाली 'बरं'. 'झालं की बघू' याच्या खालीही 'बरं'.

आता माझ्या पापाकडे येते.

एका सकाळी ठकूने ते पान शेवटचं लिहिलं. लिहिताना तिचे डोळे भरून आले होते, हे मी खालून पाहिलं. लिहून झाल्यावर तिने ते वाचलं आणि स्वतःशीच म्हणाली, "छे! असं कुणी बोलत नाही." आणि फाडलं. चौदा तुकडे. तेरा वर राहिले. चौदावा, बोटाएवढा, घरंगळत माझ्या तळाशी गेला आणि खोचलेल्या वेताखालच्या खाचेत शिरला.

बाबांनी मला पालथं केलं, तळावर तीनदा थापटी मारली. तेरा तुकडे पडले. पान जोडलं तर नेमकं उत्तराच्या जागी भोक. त्यांनी चादर झटकली, टेबलाखाली पाहिलं, मग मला मांडीवर घेऊन आत हात घातला आणि तळ चाचपला. मित्रांनो, त्यांचं बोट त्या तुकड्यावरून गेलं. पण तापलेल्या इस्त्रीने बाबांची बोटं इतकी निबर झाली होती की त्यांना काही लागलं नाही. मला हलता आलं असतं, एक काडी मोडून घेता आली असती, तर मी मोडून घेतली असती.

त्यांनी पानाच्या खाली लिहिलं, 'उत्तराचा तुकडा सापडत नाही. ठकूला विचारायचं.'

विचारायचं कसं, हा प्रश्न होता. विचारलं तर वाचलं हे कबूल करावं लागलं असतं. ते रोज संध्याकाळी विचारायचं ठरवायचे. ठकू दमून यायची, भिंतीवरच्या कात्रणाकडे न बघता आत जायची, आणि बाबा म्हणायचे, "चहा टाकू?" असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी, ठकू दवाखान्यात लोकांचे नंबर पुकारत असताना, बाबा स्टुलावर बसल्या बसल्या गेले. इस्त्री बंद होती, वायर गुंडाळलेली होती. मी टेबलाखालीच होते. त्यांना हाक मारणारं दुकानात कुणीच नव्हतं.

महिन्याभराने ठकू दुकान आवरायला लागली. वरच्या फळीवरचे गठ्ठे एकेक करून खाली काढले. लोकांच्या चादरी, कुणाचा सदरा, कुणाच्या लेकराचं झबलं. सगळ्यात मागे एक जड गठ्ठा निघाला, वर मलमल गुंडाळलेली. दोऱ्याला चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर बाबांच्या अक्षरात गिऱ्हाइकाचं नाव होतं: ठकू.

तिने गठ्ठा सोडला. खलाशी, न्यायाधीश, दार उघडणारी बाई. सगळी पानं सपाट, कडक, आकड्याप्रमाणे लावलेली. ती फरशीवर बसून वाचत राहिली. 'पुढे?' वाचून ती एकदा हसलीसुद्धा. मग जोडलेली पानं आली. पहिला 'बरं' आला आणि तिने तोंडावर हात घेतला. दुसरा आला. तिसरा आला. मित्रांनो, मी खूप रडणं ऐकलंय, पण त्या दिवसासारखं नाही.

शेवटी ते भोक असलेलं पान तिच्या हातात आलं. बाबांनी काय विचारायचं ठेवलं होतं ते तिने वाचलं आणि आठवू लागली. तेच पान तिने किती तऱ्हांनी लिहिलं होतं! त्या शेवटच्या पानावर मुलगी काय म्हणाली होती?

"काय लिहिलं होतं मी?" ती मोठ्याने म्हणाली. "बाबा, मला आठवत नाही हो."

तिने मला पालथं केलं, झटकलं, उन्हात नेऊन पाहिलं. मी खूप प्रयत्न केला. पण धरून ठेवायलाच विणलंय मला, सोडायला कुणी शिकवलं नाही.

दुसरी कादंबरी पुढे झाली. त्याच पानांतून झाली. दोन वर्षं लागली आणि एकही पान माझ्यात पडलं नाही. म्हातारा विचारतो, 'वाचून दाखवतेस का?' आणि पुढे, उत्तराच्या जागी, ठकूने कोरी जागा सोडली. प्रकाशक म्हणाले, "इथे काहीतरी घाला हो, लोकांना छपाईची चूक वाटेल." ती म्हणाली, "आठवलं तर घालेन."

त्याच नावाजलेल्या समीक्षकांचा लेख आला. 'कोरी जागा सोडण्याचं हे धाडस लेखिकेचं स्वतःचं आहे,' असं त्यांनी लिहिलं. आता प्रकाशकांचा फोन, आत्याची शाबासकी, सगळं यथासांग झालं. ठकूने तो लेख एकदा वाचला, त्याचा घट्ट बोळा केला आणि माझ्यात टाकला. या वेळी नेम बरोबर लागला.

तो बोळा तीन दिवस माझ्यात पडून होता. कुणी उलगडायला आलं नाही. चौथ्या दिवशी तिनेच मला बाहेर नेऊन ओतलं.

म्हणून मित्रांनो, माझं एक ऐका. तुम्ही काही लिहिलंत, काढलंत, शिवलंत आणि ते वाकडं झालं, तर खुशाल टाका. पण टाकण्याआधी, जो 'पुढे काय' म्हणून वाट बघत बसलाय, त्याला एकदा दाखवा. त्याला चांगलं-वाईट कळत नसेल. त्याला कळायला नकोच असतं, त्याला फक्त तुमच्याजवळ बसायचं असतं.

आणि कधी त्या घरी गेलात, तर टेबलाखालून मला ओढा. तळाशी, मधल्या काडीच्या डावीकडे, तिसरी खाच. बारीक चिमटा लागेल. तुकडा पिवळा पडलाय, पण शाई शाबूत आहे. तो ठकूच्या हातात द्या. त्यावर एवढंच लिहिलं आहे:

'आत्ताच दाखवते. बसा ना, बाबा.'